डॉ. कमल रणदिवे : एका कर्करोग-संशोधिकेचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

महोत्सवी स्मरणिकेत साधुसंतांची, धर्मगुरूंची व मंदिरास ज्यांचे उपकार झाले अशा सज्जनांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. त्या चरित्रांच्या पंक्तीस आम्ही येथे एका अशा विदुषीचे चरित्र ठेवीत आहोत की, जी आपल्या धर्ममंडळातील नव्हती. यात कोणास विचित्र वाटण्याचे कारण नाही. वाटेत जखमी पडलेल्या मनुष्यास उचलून घेणारा तो दयाळू शोमरोनीही त्या जखमी मनुष्याच्या मंडळीपैकी नव्हता. तरी शेजारधर्माचा धडा प्रभूने त्याच्याच उदाहरणावरून दिला.

हेच चरित्र निवडण्याचे दुसरे एक कारण आहे, व ते आम्हांस अधिक जवळचे आहे. रुग्णाभ्यंगासाठी बोलावणे येते, आम्ही जातो, आणि खाटेवरील माउलीच्या स्तनात एक गाठ होती, ती वर्ष-दीड वर्ष पदराआडच राहिली, असे त्या वेळी घरच्यांच्या तोंडून कळते. कापूस वेचून झाला की दाखवू, सोयाबीन घरात आले की दाखवू, मुलीचे लग्न उरकले की दाखवू, असे म्हणता म्हणता दाखविण्याची वेळ निघून गेलेली असते. दुखत नव्हते म्हणून ती बोलली नाही. आणि लाज वाटली म्हणून दुखू लागल्यावरही बोलली नाही. ज्या रोगाने ती गेली, त्याच रोगाची मुळे शोधण्यात महाराष्ट्रातील एका स्त्रीने आपले आयुष्य वेचले, ही गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक असावी अशी आमची इच्छा आहे.

कमलबाईंचा जन्म दि. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे जाणकार असून फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांनी उत्तम शिकावे असा वडिलांचा कटाक्ष होता, आणि मुलगी म्हणून कमलबाईंच्या बाबतीत त्यांनी त्यात काही उणे केले नाही. मुलींच्या शिक्षणासाठी १८८४ साली पुण्यात निघालेल्या हुजूरपागा या नामांकित शाळेत त्यांचे शालेय शिक्षण झाले.

कन्येने वैद्यकी शिकावी आणि वैद्यकी करणाऱ्या तरुणाशीच तिचा विवाह व्हावा, असे वडिलांच्या मनात होते. कन्येचा ओढा मात्र निराळा होता. तिने फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि त्यांत विशेष गुणवत्तेने पदवी मिळविली. पुढे १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्यांनी एम.एस्सी. केले. त्या वेळी त्यांच्या अभ्यासाचा विषय सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व त्यांतील आनुवंशिक द्रव्य हा होता. सीताफळ आपल्या वऱ्हाडच्या डोंगरांना परके नाही. पण त्याच्या पेशीत काय दडले आहे हे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा छंद ज्या तरुणीस लागला, तीच पुढे मनुष्याच्या एका भयंकर रोगाच्या मुळाशी पोहोचू पाहील, हे त्या वेळी कोण सांगू शकला असता? वडिलांची इच्छा शब्दशः पुरी झाली नाही. परंतु वैद्यांना जे ज्ञान लागते ते मिळवून देण्याचे काम त्यांच्या मुलीने केले.

दि. १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ श्री. ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला व त्या मुंबईस आल्या. पतीने त्यांच्या पुढील शिक्षणास मनापासून साहाय्य केले. संसार सांभाळून व एका पुत्राचे संगोपन करून त्या अभ्यास करीत राहिल्या.

त्या काळी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय नुकतेच उभे राहिले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीतून दि. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झाले. एका घरातील शोकातून असंख्य घरांचा आधार निर्माण झाला. कमलबाई या रुग्णालयात काम करू लागल्या आणि तेथेच त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू लाभले. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीराच्या घटकांत काय बिघाड होतो हे पाहणाऱ्या शास्त्राचे, ते आद्य पुरुष मानले जातात. १९४९ साली कमलबाईंनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

गुरूंच्याच प्रोत्साहनाने त्या नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्यात प्रथम यश आले. ती बिचारी त्याच वर्षी मरण पावली, परंतु तिच्या पेशींचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. शरीरातील पेशी काचेच्या पात्रात पोषक द्रवावर जिवंत ठेवून वाढविण्याच्या या विद्येस ऊतिसंवर्धन म्हणतात. ती साध्य झाली म्हणजे रोग्यास स्पर्शही न करता रोगाचे वर्तन पाहता येते. कमलबाईंनी ही विद्या आत्मसात केली आणि ती घेऊन त्या मायदेशी परतल्या.

मुंबईत १९५२ साली डॉ. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली होती. तेथे डॉ. रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. पेशींना लागणारे पोषक द्रव व इतर रसायने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच तयार केली. कर्करोगाची उत्पत्ती, पेशींचे जीवन व शरीराची प्रतिकारशक्ती या तीन विषयांसाठी त्यांनी स्वतंत्र विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा कार्यभारही वाहिला.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. स्तनाचा कर्करोग कोणास होतो व का होतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. मनुष्यावर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर अभ्यास होई. काही वंशांतील माद्यांना हा रोग फार होई, काहींना क्वचित. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवून दिले होते की, उंदरांत आईच्या दुधातून एक रोगकारक घटक पिलांत उतरतो; तो एक विषाणू आहे हे पुढे सिद्ध झाले. डॉ. रणदिवे यांनी या विषाणूचा, शरीरातील संप्रेरकांचा व आनुवंशिकतेचा परस्परसंबंध उलगडण्यात अनेक वर्षे घालविली. या रोगाचे आनुवंशिकतेशी नाते आहे याकडे भारतात प्रथम लक्ष वेधणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. १९९४ व १९९५ साली पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगास कारण होणारी दोन जनुके निश्चित सापडली, तेव्हा या विचारास मोठे बळ मिळाले.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून थोडे थांबणे अवश्य आहे. उंदरांतील तो विषाणू मनुष्यात रोग उत्पन्न करतो असे सिद्ध झालेले नाही. आईच्या दुधाने बाळास कर्करोग होत नाही. उलट, अंगावर पाजणाऱ्या मातेस स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमीच असतो. तसेच, आनुवंशिकता हे एक कारण असले तरी या रोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे पाच ते दहाच ठळकपणे आनुवंशिक असतात. बहुतेक स्त्रियांच्या घराण्यात पूर्वी हा रोग कोणासही झालेला नसतो. म्हणून आमच्या घरात कोणाला नाही, सबब मला होणार नाही, हे म्हणणे जसे व्यर्थ, तसेच आईला झाला म्हणून मुलीच्या सोयरिकीत खोड काढणे हेही अन्यायाचे. ज्या घरात आई, बहीण किंवा मावशी यांना हा रोग झाला, त्या घरातील मुलींनी इतरांपेक्षा लवकर व अधिक नियमाने तपासून घ्यावे, एवढाच त्या ज्ञानाचा योग्य उपयोग.

आणि या साऱ्या संशोधनातून जो एक मोठा बोध निघतो तो असा : हा रोग पेशींचा बिघाड आहे. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, कोणाची दृष्ट नव्हे, करणी नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्यास लागतही नाही. ज्याला कारण आहे त्यावर विचार करता येतो; ज्यावर विचार करता येतो त्यावर उपाय शोधता येतो. लाजेला येथे मुळी जागाच उरत नाही.

लाजेने लपविल्या जाणाऱ्या दुसऱ्याही एका रोगावर डॉ. रणदिवे यांनी काम केले. तो म्हणजे महारोग. त्या रोगाच्या जंतूशी नाते असलेल्या एका जंतूचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यातून लस निर्माण करण्याचा मार्ग पुढे निघाला. १९६४ साली त्यांना मानाची पारितोषिके मिळाली. महारोग्यास गावाबाहेर काढण्याची रीत आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. आज तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो, व जो लवकर दाखवितो त्याची बोटेही शाबूत राहतात. लपविणाऱ्याचेच हात झडतात. स्तनातील गाठीचेही तसेच आहे.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय स्त्रीवैज्ञानिकांची संस्था स्थापन केली. परदेशी शिकलेल्या तरुणांनी आपली विद्या घेऊन स्वदेशी परत यावे असा त्यांचा आग्रह असे, व त्यांनी स्वतः तो आधी आचरून दाखविला होता. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा बहुमान दिला.

इतके सन्मान मिळाल्यावर विश्रांती घेतली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्या खेड्याकडे वळल्या. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अकोले नावाचा डोंगराळ तालुका आहे; आपल्या शेजारचे अकोला ते निराळे. त्या तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या आहाराची व आरोग्याची पाहणी त्यांनी केली, आणि खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्याचे काम उतारवयात अंगावर घेतले. ज्यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिल्या त्यांनी अखेरीस चुलीशेजारी बसून गावातील बायकांशी आहाराच्या व रोगांच्या गोष्टी बोलाव्यात, हे आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य प्रकरण वाटते. दि. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

खेड्यातील साधी स्त्री दुसऱ्या स्त्रीचा जीव वाचवू शकते, या श्रद्धेस पुढे भक्कम पुरावा मिळाला, आणि तोही टाटा रुग्णालयाच्याच वैद्यांनी दिला. १९९८ पासून डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची नोंद केली व त्यांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, केवळ हाताने तपासले. या तपासणीस मोठे यंत्र लागले नाही. वीस वर्षांच्या अवलोकनानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर सापडण्याचे प्रमाण शंभरात ४७ वरून ३७ वर आले, आणि पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी त्यांच्यातही रोग लवकर सापडला म्हणजे उपचार हलके होतात.

हे सारे आमच्या बुलढाणा जिल्ह्यास कसे लागू पडते ते आता सांगतो. भारतातील स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ साली देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. हा शहरातील श्रीमंत बायकांचा रोग, आपला नव्हे, असे कोणी मानू नये.

प्रत्येक स्त्रीने आपल्या शरीराची ओळख ठेवावी. स्नानाच्या वेळी हात फिरवावा, म्हणजे नेहमीचे काय व नवीन काय हे कळते. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे. कातडी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणे. बोंड नव्यानेच आत वळणे, त्यावर न भरणारे चट्टे येणे किंवा त्यातून रक्तमिश्रित पाणी येणे. एका स्तनाच्या आकारात अचानक फरक पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात दाखवावे. दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये, कारण कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. मात्र गाठ म्हणजे कर्करोगच असेही नव्हे. बहुतेक गाठी साध्या निघतात. परंतु ती साधी आहे हे ठरविण्याचा अधिकार शेजारणीला, वैदूला किंवा लेप देणाऱ्याला नाही. वैद्य हाताने तपासतात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात, आणि शंका राहिल्यास सुईने कण काढून पाहतात. सुई लावल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. आपण हात फिरवून पाहणे ही जागरूकता झाली; जाणत्या हाताने केलेल्या तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही.

२०१६ साली भारत सरकारने ठरविलेल्या धोरणानुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात चौकशी करावी. गावच्या आशाताईंना विचारावे. पुढील तपासणीसाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे. पैशाची चिंता असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी; तिच्यात कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

स्तन काढून टाकतील या भीतीने पुष्कळ जणी गप्प राहतात. पूर्वी सरसकट तसे करीत हे खरे. परंतु गाठ लहान असता केवळ तेवढाच भाग काढून व नंतर किरणोपचार देऊन स्तन राखता येतो, आणि आयुष्यमान त्याने कमी होत नाही, हे १९८० नंतरच्या मोठ्या प्रयोगांनी सिद्ध केले आहे. म्हणजे ज्या भीतीने बाई उशीर करते, ती भीती उशीर केल्यानेच खरी ठरते.

पुरुषमंडळींसही दोन शब्द. स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत सुमारे एखादा पुरुष असतो. तेव्हा छातीवरील गाठ तुम्हीही दाखवावी. परंतु तुमचे खरे कर्तव्य निराळे आहे. बाईमाणूस घरातील सर्वांचे दुखणे पाहते व स्वतःचे शेवटी सांगते. तिने सांगण्याची वाट पाहू नका, तुम्ही विचारा. बैलाचा पाय लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावितो. घरातील माउलीसाठी हंगाम संपण्याची वाट पाहणे शोभत नाही. श्री. रणदिवे यांनी पत्नीच्या विद्येस जो हातभार लावला, त्याच्या शतांशाने जरी प्रत्येक पतीने पत्नीच्या आरोग्यास लावला, तरी पुष्कळ घरे उजाड होण्यापासून वाचतील.

शरीर ही देवाची देणगी आहे; ते लाजेसाठी झाकून मरू देण्याकरिता दिलेले नाही. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने मंदिरासाठी काही ना काही अर्पण केले आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आणखी एक गोष्ट आम्ही मागतो. पुढील सणापूर्वी प्रत्येक घरातील तिशीवरील स्त्रियांनी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यावे. एकटीस संकोच वाटत असेल तर चौघींनी मिळून जावे. सासूने सुनेला न्यावे, सुनेने सासूला न्यावे. डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र वाचून एवढे घडले, तर या पुस्तिकेची ही पाने सार्थकी लागली असे आम्ही समजू.